एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असलेल्या बहिणीने बरं वाटतंय म्हणून डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या बंद केल्यात. तिला कसं समजवावं?

मलाही एमएस आहे, म्हणून लिहिते. आधी तिला हट्टी समजणं सोडा. ताप उतरला की गोळी बंद, हेच आपण सगळे लहानपणापासून शिकलोय.

एमएसचं औषध त्या हिशेबात बसत नाही. अटॅक आला, म्हणजे एमएसचा त्रास अचानक उफाळला, की तीन ते पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड देतात, त्याचा फरक पेशंटला जाणवतो. रोजच्या औषधाचा फरक जाणवतच नाही, कारण ते पुढचा अटॅक टाळण्यासाठी असतं. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, तिला ते आवर घालतं. त्रास नाही म्हणजे आजार झोपलाय असंही नाही. काहीही जाणवत नसताना एमआरआयवर नवे डाग येऊ शकतात, आणि ते अटॅकच्या कित्येक पट जास्त असतात. हे तिला न्यूरोलॉजिस्टनी तिचाच एमआरआय दाखवून सांगावं. घरच्यांच्या तोंडून ते रागावल्यासारखंच ऐकू येतं.

बंद करण्याचं खरं कारण मात्र तुम्हीच शांतपणे विचारा. तुम्ही डायमिथाइल फ्युमरेट लिहिलंय. ही कॅप्सूल घेतल्यावर चेहरा आणि मान लालबुंद होते, खाज सुटते, पोटात ढवळतं. ऑफिसात चारचौघांत असं झालं की नको वाटतं, आणि याबद्दल कुणी डॉक्टरांशी बोलत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत हे जास्त असतं, पुढे बहुतेकांचं कमी होतं. उपाशीपोटी घेऊ नये. मी भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर किंवा अंड्यांवर घेते, पोटाला खूप सोपं जातं. कॅप्सूल फोडून मात्र घ्यायची नाही.

कारण लग्नाचं किंवा बाळाचं असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावं. टेरिफ्लुनोमाइडसारखं एमएसचं औषध गरोदरपणात चालत नाही, त्यामुळे औषधं आधीपासून आखावी लागतात.

आणि कृपा करून, सुटलेलं औषध परस्पर पुन्हा सुरू करायला लावू नका. आधी डॉक्टरांना फोन करा. डायमिथाइल फ्युमरेटवर लिम्फोसाइट्स (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघायला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, ते राहिलं असेल तर आधी ते करतील. फिंगोलिमोड हे एमएसचं दुसरं औषध घेणाऱ्यांचं तर खंड पडला की पहिला डोस पुन्हा काही तास देखरेखीखाली द्यावा लागू शकतो.

खर्चाची अडचण असेल तर जेनेरिकबद्दल विचारा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाशीही बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशीही त्यांच्याकडेच करता येईल.