जुना वेबकॅम, नाव ना गाव

प्रश्न: माळ्यावरून एक जुना यूएसबी वेबकॅम सापडला, त्यावर कंपनीचं नाव नाही, सीडी कधीच हरवली. विंडोज १० च्या लॅपटॉपला लावला की टुंग आवाज येतो पण कॅमेरा अॅपमध्ये काहीच दिसत नाही. टाकून देऊ का?

उत्तर: थांबा, आवाज येतोय म्हणजे कॅमेरा अगदीच मेलेला नाहीये. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळ्या खुणेवाली नोंद शोधा, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडीज, मग व्हीआयडी (कंपनीचा नंबर) आणि पीआयडी (मॉडेलचा नंबर) असे चार-चार अक्षरांचे दोन नंबर दिसतील. कॅमेऱ्याचं आधार कार्डच समजा ते! व्हीआयडी ०४६डी असेल तर लॉजिटेक, ०सी४५ असेल तर आत सोनिक्सची चिप, बाहेरच्या डब्यावर काहीही छापलेलं असो.

आता खरी गोम. २००३ मध्ये यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाचं स्टँडर्ड आलं, ते पाळणारा कॅमेरा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय) चालतो, त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मात्र स्वतःचाच ड्रायव्हर लागतो आणि तो ३२-बिटचा असला तर ६४-बिट विंडोजवर चालतच नाही, कितीही डोकं आपटा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं तर अजिबात टाकू नका, नसती ब्याद.

त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून बघा, त्यात जीएसपीसीए हा जुन्या कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर २००८ पासून आतच आहे, टर्मिनलमध्ये lsusb टाइप केलं की तेच नंबर दिसतात. आणि हो, मध्ये यूएसबी हब असेल तर आधी तो काढून कॅमेरा थेट लॅपटॉपला लावून बघा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.