चटईशिवायचा महोत्सव

पुणे, १२ जून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तिकडे कॅनडात, मॉन्ट्रियलला जॅझ महोत्सवाची तयारी सुरू झाली आहे, १ जुलैला सुट्टीही आहे, पण 'ते सगळं त्यांचं आहे, मी खोलीतच बसेन' असं तू लिहिलंस. गेल्या वर्षी गेलीस आणि अर्ध्या तासात परत आलीस, तेही कळलं. वाचून जीव कळवळला. १९९४च्या उन्हाळ्यात मी तिथे नवा होतो, तेव्हा मीसुद्धा हेच केलं. पुढच्या वर्षी गेलो नसतो तर ते शहर मला कधी कळलंच नसतं.

तू परत का आलीस, ते तुझ्याच पत्रात आहे. 'सवाईसारखं काहीच नव्हतं.' अगं, सवाई तरी तुला एका दिवसात कुठे कळला होता? सात-आठ वर्षांची असल्यापासून तू आमच्याबरोबर रमणबागेत यायचीस. अर्धी चटईवर, अर्धी माझ्या मांडीवर. थर्मासमधलं दूध, आजीची शाल, मध्येच झोप. दाद कुठे द्यायची हे तुला कुणी शिकवलं नाही. शेजारच्या आजोबांची मान समेवर हलते, हे बघत बघत तू शिकलीस. भीमसेनजींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ तो महोत्सव सुरू केला, पण त्याचा श्रोता घडायला कित्येक हिवाळे गेले. आणि तू त्या परक्या संगीताला दिलास अर्धा तास.

म्हणून यंदा आधी थोडी तयारी कर. तुझा कान तालाचा आहे, त्याचा उपयोग होईल. जॅझमध्ये पुष्कळदा सुरुवातीला मूळ धून वाजते, तो आपला मुखडा समज. मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपापला विस्तार करतो, आणि शेवटी सगळे परत मुखड्यावर येतात. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा मात्रागटांचं, प्रत्येक गटात चार मात्रा. बोटांच्या पेरांवर मोज, अंगठा सोडून एका हाताची बारा पेरं बरोबर पुरतात. चार-पाच आवर्तनं झाली की मोजायची गरज उरत नाही, बारावा गट संपताना समेची ओढ आपोआप लागते. मला ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी रस्त्यात एकटाच 'वाह' म्हणालो होतो. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वळून बघितलं आणि हसून मान डोलावली. आणखी एक. एका वादकाचा विस्तार संपला की वादन चालू असतानाच टाळ्या वाजवतात. तिथे संकोचू नकोस, तीच त्यांची दाद.

मोठ्या रंगमंचासमोरच्या गर्दीत आधी जाऊ नकोस. प्लास देझार मेट्रोला उतर. सेंट कॅथरिन रस्त्यावर गाड्या बंद असतात, तिथून रमतगमत चाल आणि एखादा छोटा रंगमंच निवड. उघड्यावरचे बहुतेक कार्यक्रम फुकट असतात. पहिल्या संध्याकाळी एकच कार्यक्रम धर, तो पूर्ण ऐक, फोन पिशवीत ठेवून. दुसऱ्या दिवशी परत त्याच कोपऱ्यात जा. महोत्सव दहाएक दिवस चालतो. चौथ्या दिवसापर्यंत तुला तिथले चेहरे ओळखीचे वाटायला लागतील. पावसाची सर अचानक येते, रेनकोट जवळ असू दे.

जायच्या आधी एका दुपारी लिटल बर्गंडीत चक्कर मारून ये. शहराच्या दोन मोठ्या रेल्वे स्थानकांच्या आसऱ्याने वाढलेली ती कृष्णवर्णीय रेल्वे कामगारांची वस्ती. रात्रीच्या गाड्यांत प्रवाशांची अंथरुणं घालायची, सामान उचलायचं, बूट पुसायचे, ही त्यांची कामं. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन त्यातल्याच एका पोर्टरचा मुलगा. थोरल्या बहिणीने, डेझीने, त्याला पियानो शिकवला. मॉन्ट्रियलचा जॅझ तिथून आला, हे माहीत झालं की महोत्सवातल्या झगमगाटामागे तुला माणसं दिसतील. पीटरसनचा जन्म १५ ऑगस्टचा, १९२५चा. हे कळलं त्या दिवशी मला उगाचच तो आपल्या घरातला वाटला होता.

आता सुट्टीचं. लाल-पांढरा झेंडा हातात घेतला तर आपल्या तिरंग्याशी प्रतारणा होईल का, असं तू विचारलंस. नाही होत. दुसऱ्याच्या घरच्या कार्याला आनंदाने गेलं म्हणून आपलं घर उणं होत नाही. पण कार्य कशाचं आहे ते माहीत करून जावं. १ जुलै १८६७ला ब्रिटिशांच्या तीन वसाहती एकत्र येऊन चार प्रांतांचा कॅनडा झाला. या दिवसाला 'कॅनडा डे' हे नाव १९८२ साली मिळालं. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकमध्ये मात्र आठवडाभर आधी, २४ जूनला, त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय सण असतो, निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचा आणि फ्रेंच गाण्यांचा. आणि त्याच्याही आधी, २१ जूनला, तिथल्या मूळ रहिवाशांचा दिवस. अकरा दिवसांत तीन दिवस, आणि तिन्ही दिवशी सारखाच आनंद होणारी माणसं फार थोडी.

१९९५च्या ऑक्टोबरात क्वेबेकने कॅनडापासून वेगळं व्हावं का यावर मतदान झालं. ५०.५८ टक्के लोक 'नको' म्हणाले. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बाई 'हो'च्या, त्यांची सून 'नको'ची. निकालानंतर कितीतरी दिवस जिन्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. म्हणून सांगतो, २४ जून आणि १ जुलै, दोन्ही दिवशी जा, पण कुणाच्या झेंड्यावर मत देऊ नकोस. तुमच्याकडे हा दिवस कसा असायचा, एवढंच विचार. माणसं भरभरून बोलतात.

आणि १ जुलैचा खरा मॉन्ट्रियली सण तर तुला कुणी सांगितलेलाच दिसत नाही! तिथले बरेचसे भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे १ जुलैला अर्धं शहर घर बदलत असतं. फुटपाथवर गाद्या, कपाटं, कुंड्या. १९९५च्या १ जुलैला त्याच खालच्या बाई दुसऱ्या मजल्यावरून खाली राहायला येत होत्या. तिथल्या जुन्या घरांचे जिने लोखंडी, बाहेरच्या बाजूला, गोल वळणाचे. त्या जिन्यावरून त्यांचा फ्रिज आम्ही चौघांनी उतरवला. वळणावर तो अडकला. एक जण फ्रेंचमध्ये ओरडतोय, एक इंग्रजीत, आणि माझ्या तोंडून 'अरे सावकाश, सावकाश!' तासाभरात बाकीचे तिघेही 'सावकाश' म्हणायला लागले. दुपारी खोक्यांवर बसून सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला. संध्याकाळी बाईच म्हणाल्या, 'चला, गाणं ऐकायला जाऊ.' आदल्या वर्षी एकटा गेलो होतो आणि पळून आलो होतो. त्या दिवशी खांदे भरून आले होते, तळहात सोलवटले होते, आणि शेवटची मेट्रो पकडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

तुला आठवतं ना, पालखी नाना पेठेत मुक्कामाला आली की तू आईबरोबर वारकऱ्यांना पाणी द्यायला जायचीस? पंढरपूरपर्यंत तू कधी चालली नाहीस. तरी 'आमची वारी' म्हणतेस, आणि ते खोटं नाही. तर यंदा १ जुलैला सकाळी ऑफिसातल्या, नाहीतर शेजारच्या, कुणाचं तरी घर हलत असेल, त्यांना विचार. न बोलावता विचार. एक तरी खोकं उचल. बूट चांगले घाल. मग त्यांच्याचबरोबर महोत्सवाला जा. चटई नेऊ नकोस, तिथे बहुतेक ठिकाणी उभं राहूनच ऐकायचं असतं.

१५ ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन आटोपून मी घरी आलो की पीटरसन लावणार आहे. इथे सकाळचे साडेनऊ होतील तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र, १५ तारीख नुकतीच लागलेली. जागी असलीस तर फोन कर. दोघं मिळून बारा मोजू.

तुझा,
काका