बोन्सायची माती मिक्सरमध्ये फिरवावी का?

या पंधरवड्यात एकाच विषयावर तीन प्रश्न आले, म्हणून उत्तर एकत्र देतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातले एक रोपवाटिकाधारक विचारतात: "साहेब, शंभर बोन्साय पावसाळ्याआधी नव्या मातीत भरायची आहेत. फावड्यानं कालवताना दोन गडी दिवसभर अडकतात. बांधकामावरचा काँक्रीट मिक्सर भाड्यानं आणू का? की घरचा पॉवर टिलरच फिरवू?" पन्हाळा तालुक्यातल्या बचत गटाच्या ताई तयार मातीच्या पिशव्या विकतात. त्यांनी ड्रिल मशीनला ढवळणी लावून पाहिली, तर विटेच्या खड्याचं पीठच झालं. तिसरा प्रश्न गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. गच्चीवर दहा झाडं आहेत आणि फाउंड्रीतली काळी वाळू फुकट मिळते, ती घालावी का, असं ते विचारतात.

दादा, आधी पॉवर टिलरचं सांगतो: तो नको. त्याच्या रोटरची पाती ढेकळं फोडण्यासाठीच बनवलेली आहेत. शेतात तेच हवं असतं, पण बोन्सायच्या मातीत नेमकं ते नको. उथळ कुंडीत मुळांना हवा मिळते ती खड्याखड्यांमधल्या पोकळीतून. खडा फुटून भुकटी झाली की ती पोकळी बुजते, पाणी तळाशी साचतं आणि मुळं कुजतात. शिवाय अंगणातली काळी माती पात्यांबरोबर वर येऊन मिश्रणात मिसळते. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. उसाला चालते, पण चार बोटं खोल कुंडीत वडाच्या मुळांना ती आवळून टाकते.

काँक्रीट मिक्सर मात्र चालेल. त्यात माल कापला जात नाही, फक्त उचलून खाली पडतो. बांधकामावर १०/७ म्हणतात तो मिक्सर म्हणजे १० घनफूट कोरडा माल घेणारा, सुमारे २८० लिटरचा. तुम्ही एका वेळी १५० लिटरच्या वर भरू नका. ड्रम गच्च भरला की माल वर उचलला जात नाही, नुसता घसरत राहतो. आता तुमचा हिशेब. ३० बाय २० बाय ८ सेंटिमीटरच्या कुंडीत पावणेपाच लिटरच्या आसपास माती बसते. शंभर कुंड्यांना ४८० लिटर, म्हणजे तीन-चार घाणे. मोजमाप वजनावर नको, आकारमानावर करा. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यात ३५ लिटरच्या आसपास माल मावतो, धुतलेलं रिकामं पोतं माप म्हणून पुरतं.

भाड्याचा ड्रम आला की आधी आत हात फिरवून बघा. पात्यांच्या मागे सिमेंटचा थर असतोच. सिमेंट अतिशय अल्कधर्मी. ते मातीत उतरलं तर अनंत, कामिनी अशा झाडांना लोह मिळेनासं होतं, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ड्रममध्ये चार-पाच घमेली खडी आणि पाणी घालून दहा मिनिटं फिरवा, सैल झालेला थर खरवडून काढा, धुवा, मगच माल घाला. डिझेल इंजिनवरचा मिक्सर असेल तर तेल गळतंय का तेही पाहा, आणि बंद शेडमध्ये तो चालवू नका. धूर कोंडला की जिवावर बेततं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जास्त फिरवलं की जास्त मिसळतं, हा समज चुकीचा आहे. कोरडा माल ड्रममध्ये फिरताना बारीक कण खड्यांच्या फटीतून खाली उतरतात आणि मोठे खडे बाजूला होतात. दहा मिनिटांनी माल दोन मिनिटांपेक्षा जास्त वेगळा झालेला दिसतो, शिवाय भुकटीही वाढलेली असते. मी स्वतः पहिल्यांदा पंधरा मिनिटं फिरवला होता. पहिल्या पावसात कुंड्यांवर पाणी तसंच उभं राहिलं आणि दोन उंबर गेले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक प्रकारचा खडा आधी चाळायचा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेलं बाजूला काढायचं, ६ मिलिमीटरच्या वर राहिलेले खडे कुंडीच्या तळाला वापरायचे. मग खडे ड्रममध्ये घालून झारीनं पाणी शिंपडायचं, खड्याचा रंग गडद होईल पण हाताला चिखल लागणार नाही इतपतच. त्यावर गांडूळखत आणि धुतलेलं कोकोपीट. ओल्या खड्याला ते चिकटतं आणि वेगळं होत नाही. दोन, फार तर तीन मिनिटं. आवाज ऐका: सुरुवातीला खडखड येते, माल एकजीव झाला की ती दबून सरसर होते. तिथं थांबवायचं. पाणी जास्त झालं तर गांडूळखताचे लाडू वळतात, मग ते हातानंच फोडावे लागतात.

ट्रायकोडर्मा (मुळांना रोगापासून राखणारी उपयोगी बुरशी), निंबोळी पेंड आणि हळूहळू विरघळणाऱ्या खताचे दाणे ड्रममध्ये घालू नका. त्या दाण्यांवरचं आवरण घासून फुटतं आणि महिन्यांचं खत आठवड्यात सुटतं. हे शेवटी ताडपत्रीवर हातानं मिसळा.

पन्हाळ्याच्या ताईंनो, तुमची ढवळणी वाईट नाही, वेग जास्त आहे. ती पातळ माल ढवळण्यासाठी असते. कोरड्या खड्यांत ती जात्यासारखी दळते आणि मशीनची मोटरही तापते. पिशव्या थोड्या असतील तर ताडपत्रीवर माल ओता, दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून आळीपाळीनं उचला, माल या टोकाहून त्या टोकाला लोळवा. पंधरा-वीस वेळा लोळवलं की झालं. तुमच्याकडे जांभा मुबलक आहे. चिऱ्याच्या खाणीतले तुकडे रीतसर विकत घेऊन फोडा. बोन्सायला त्याच्यासारखा सच्छिद्र खडा आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही. वीट वापरत असाल तर एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी विरघळला तर वीट कच्ची. आणि काळपट, काचेसारखी खंगर वीट पाणी धरत नाही, तीही नको.

ताई, तुमच्या गटातल्या एकीनं तोंडाला पदर लावून चाळत असल्याचं कळवलंय, त्याची मला काळजी वाटते. वीट आणि वाळूच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पदर किंवा टॉवेल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घ्या, माल ओलसर करून चाळा, वाऱ्याकडे पाठ करून बसा. मिक्सर चालू असताना पदर-ओढणी खोचून घ्या आणि फिरत्या ड्रममध्ये हात किंवा फावडं घालू नका. विजेवरचं यंत्र असेल तर अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. ओल्या अंगणात उघड्या वायरी जोडून काम करू नका.

गुरुजी, फाउंड्रीची काळी वाळू घालू नका. आपल्या उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्र्यांत साचे बनवताना वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी घालतात, काही ठिकाणी रेझिनही. बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमातीच. तुमच्या कुंडीचा निचरा तीच बंद करेल. दहा झाडांना पन्नासेक लिटर माल पुरतो, त्याला यंत्र लागतच नाही.

प्रमाण गावानुसार बदलतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाचा जोर मोठा, तिथं दहा भागांत एकच भाग सेंद्रिय, म्हणजे गांडूळखत-कोकोपीट, ठेवा. शिरोळ, हातकणंगलेकडे दोन ते अडीच भाग चालतील, नाहीतर एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागेल.

भरण्याआधी प्रत्येक घाण्यातली मूठभर माती काचेच्या पेल्यात पाणी घालून हलवा आणि दोन मिनिटं ठेवा. पाणी गढूळच राहिलं आणि तळाला गाळ बसला, तर तो घाणा वाळवून पुन्हा चाळायला घ्या.