झोन बचाव कसा फोडायचा?

प्रश्न : बास्केटबॉलमध्ये आमच्या १४ वर्षांखालील मुलींसमोर प्रतिस्पर्धी २-३ झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपापली जागा राखायची) लावतात. मुली बाहेरच पास देत राहतात आणि शेवटी लांबून शॉट मारतात. काय करावे?
– एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुमच्या दोन गार्ड (चेंडू पुढे आणणाऱ्या मुली) त्यांच्या पुढच्या दोघींच्या समोरासमोर उभ्या राहत असणार. तिथेच झोनचे काम सोपे होते. रचना १-३-१ करा : वर एकच गार्ड, दोन्ही विंगला (बाजूंना) एकेक, एक रिंगसमोरच्या फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर, एक बेसलाइनवर (रिंगमागच्या शेवटच्या रेषेजवळ). आता पुढच्या दोघींना वरच्या तिघी आणि मधली अशा चौघी सांभाळाव्या लागतात.

मधल्या मुलीकडे चेंडू जाणे सर्वांत महत्त्वाचे. चेंडू मिळताच तिने रिंगकडे तोंड करावे, लगेच ड्रिबल (चेंडू आपटत नेणे) नको. त्यांची सेंटर (मागच्या तिघींतली मधली) पुढे आली की बेसलाइनवरची मोकळी होते. नाही आली तर तिथूनच शॉट. मात्र दोघींनाही ३ सेकंदांचा नियम (रिंगसमोरच्या आखलेल्या भागात सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही) पक्का माहीत हवा.

पास छातीपासून आणि सरळ हवा. उंच, तरंगता पास हवेत असतानाच झोन सरकून घेतो. आधी एका बाजूला पासची हूल द्या, मग दुसरीकडे पास. रोज १० मिनिटे ड्रिबलशिवाय पाचास पाच खेळवा; सोलापूरच्या उन्हाळ्यात हा सराव सकाळीच उरका.

रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू घेण्यासाठी) शॉटच्या विरुद्ध बाजूने धावा. झोनमध्ये कुणी कुणाला अडवायचे हे ठरलेले नसते, तिथे हमखास जागा मिळते. आणि शक्य तेव्हा झोन बसण्याआधीच फास्ट ब्रेक (झटपट हल्ला) करा.