आधी रिकामं मोज

प्रिय मुली,

ग्राफीनच्या डिटेक्टरवर सोमवारी 11 मायक्रोमीटर जाड भरलेली फिल्म गुरुवारी 17 भरली, आणि तू थेट नवं ग्राफीन मागवायला निघालीस. थांब. वहीत रिकामी रीडिंग, म्हणजे वाटेत फिल्म नसतानाची, कुठे आहे?

ग्राफीन एका अणूइतकं जाड, म्हणून पातळ वस्तू त्याला जास्त कळतात, असला समज असेल तर सोडून दे. त्याचा गुण वेगळा आहे. थोड्याशा ऊर्जेनं त्यातले इलेक्ट्रॉन चटकन तापतात आणि खोलीच्या तापमानालाही टेराहर्ट्झ लहरींचं (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या) व्होल्टेज हाती येतं. पण ते व्होल्टेज फक्त किती शक्ती पोचली तेवढं सांगतं. वाटेत कोणी अडवली, ते सांगत नाही.

आता गणित कर. 1.5 अपवर्तनांकाची फिल्म 1 टेराहर्ट्झला, म्हणजे 300 मायक्रोमीटरच्या लहरीला, किती शक्ती परत फिरवते? 11 मायक्रोमीटरची जेमतेम 2 टक्के, 17 ची सव्वाचार. तेवढी शक्ती कमी पोचते, त्यावरूनच तू जाडी काढतेस. लहरी सोडणारा सोर्स सव्वादोन टक्के ढळला की तुझी फिल्म जाड झाली!

त्यात पाषाणचा पाऊस. 0.99 आणि 1.10 टेराहर्ट्झला पाण्याच्या वाफेच्या शोषणरेषा आहेत, तू बरोबर त्यांच्या मधे बसलीयेस. उघड्या ग्राफीनवर हवेतलं पाणी चिकटलं की डिराक बिंदू, म्हणजे ज्या गेट व्होल्टेजला (बाहेरून लावायच्या नियंत्रक व्होल्टेजला) ग्राफीन सर्वांत कमी वीज वाहतं तो, सरकतो, मग कालच्या गेट व्होल्टेजला आज तोच प्रतिसाद कसा मिळेल? नायट्रोजन सोडून ओलावा घालव, गोंगाटातून सिग्नल वेचणारं लॉक-इन लाव, सगळं कर. पण नमुन्याआधी रिकामं मोज, नमुना काढल्यावर परत रिकामं मोज. दोन्ही जुळली नाहीत तर मधली रीडिंग खोडून टाक. कितीही सुंदर असली तरी.

कंटाळा येतो, ठाऊक आहे. माझ्या हाताखालची मुलंही कंटाळायची. पेपर उशिरा जायचे. बढतीच्या मुलाखतीत विचारलं, तुमचा गट एवढा संथ का? मी गप्प बसलो, त्याची खंत अजून आहे. हे टक्क्यांचं गणित तिथेच फळ्यावर मांडायला हवं होतं. त्या उशिराच्या पेपरांतला एकही मागे घ्यावा लागलेला नाही. (कुणी विचारलं नसताना सांगतोय, कळतंय मला.)

चाकणच्या पेंट शॉपमध्ये बंपरवरचा रंग मोजायचं तुझं स्वप्न चांगलंच आहे. धातूत प्रवाह उठवून जाडी मोजणारं एडी करंटचं गेज प्लास्टिकवर चालत नाही, तिथे टेराहर्ट्झला खरंच जागा आहे. पण धावत्या लाइनवर रिकामं मोजायचं कसं, याचा विचार आत्तापासून कर. परावर्तनात कोरा धातूचा आरसा हेच तुझं रिकामं. तो दर थोड्या वेळानं किरणासमोर येईल अशी सोय आराखड्यातच हवी. नंतर जागा देत नाहीत कुणी.

नव्या ग्राफीनची ऑर्डर तूर्त थांबव. शनिवारी येताना आलेख आणू नकोस, वही आण. रिकाम्या रीडिंग आधी बघू, फिल्मचं नंतर.

तुझा,
सर