सध्या कोणती बर्बन, कोणती राय पिताय? आणि जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का?

दोन्ही अमेरिकन व्हिस्कीच: बर्बन मुख्यतः मक्याची, राय त्याच नावाच्या धान्याची. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुसता पहिलाच असता तर मी इथे फिरकलोही नसतो. नाही, खरं नाही. तुम्हाला हे ज्यांनी सांगितलं ते गृहस्थ वर्षानुवर्षं स्कॉच पिऊन अलीकडेच बर्बनकडे वळलेले असणार. आमच्याकडे असे एक आहेत. माझे साडू.

आता पहिला प्रश्न. माझ्याकडे सध्या तीन बाटल्या उघड्या आहेत: वाइल्ड टर्की १०१, रिटनहाउस राय आणि एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बॉटल्ड-इन-बॉन्ड (म्हणजे काय ते पुढे सांगतो). एरवी एव्हन विल्यम्स, बर्फ टाकून. कुणी आलं तर टर्की. राय मॅनहॅटन कॉकटेलसाठी म्हणून आणली होती, पण ती नुसतीच संपत चालली आहे. तिन्ही कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात, कुणासाठी रांग लावावी लागत नाही आणि तिन्ही मिळून शंभर डॉलरच्या आत येतात.

साडूंच्या मते या तिन्ही केकमध्ये घालायच्या. ते राहतात न्यू जर्सीत. बेसमेंटमध्ये काचेचं कपाट आहे, आत दिवे लावलेत. सासूबाईंच्या देव्हाऱ्यालाही एवढी रोषणाई नसते. आतल्या बाटल्या जवळपास सगळ्या सीलबंद. ब्लँटन्स या बर्बनच्या बुचावर घोडा आणि जॉकी असतो, शेजारी एक छोटं अक्षर. अशी आठ वेगवेगळी बुचं जमली की नाव पूर्ण होतं. साडूंची सात झालीत, शेवटचा एस मिळत नाही, म्हणून बाटल्या घेणं चालू आहे. ब्लँटन्स वाईट नाही हो. एकेका बॅरलमधली बर्बन वेगळी भरून विकायची प्रथा १९८४ साली तिनेच रूढ केली. पण घोड्यासाठी बाटली घेणाऱ्याने मला चवीबद्दल शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं.

तर गोष्ट अशी. आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो, ओहायोच्या बाजूला. एका दिवाळीच्या वीकेंडला साडू, ताई आणि मुलं आमच्याकडे आली. साडूंनी माझ्यासाठी राय आणली होती. कुठली ते सांगत नाही. लेबलवर जुन्या काळातल्या आजोबांचा फोटो, दारूबंदीच्या काळात पोलिसांना चुकवून जपलेली घराण्याची रेसिपी वगैरे. साडूंनी ही सगळी कथा जेवायच्या टेबलावर सांगितली, त्यांनीच धान्य आंबवल्यासारखी. मी तेवढ्यात बाटली फिरवली. मागे, अगदी खाली, बारीक अक्षरात: डिस्टिल्ड इन इंडियाना.

मी म्हटलं, "आजोबा तर दुसऱ्याच राज्यातले ना?"

"बाटलीत तिकडे भरत असतील."

"भरतात आजोबांच्या गावात. ते वर मोठ्या अक्षरात आहे. डिस्टिल इंडियानात झालीय."

बायकोने टेबलाखालून पाय दाबला. ताई म्हणाली, "चांगली लागतेय ना? मग झालं." तिथेच विषय संपायला हवा होता. पण साडू म्हणाले, "तुम्हाला पंचवीस डॉलरच्या वरचं काही पटतच नाही." मग मात्र मी सुरू झालो.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, ओहायो नदीच्या काठी, इंडियानातलं लॉरेन्सबर्ग आहे. तिथल्या डिस्टिलरीची मुळं १८४७ पर्यंत जातात. दारूबंदी उठली त्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, ती सीग्रॅम या मद्यकंपनीने घेतली आणि २०११ पासून ती एमजीपी या कंपनीकडे आहे. ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्ली (मोड आणलेलं जव), ही तिची गाजलेली रेसिपी. बुलेट राय इथली, डिकेल राय इथली, आणि आजोबा, पणजोबा, तस्कर, शेरीफ अशी चित्रं लावलेल्या कितीतरी बाटल्यांतला माल इथलाच. यात बेकायदा काही नाही. लेबलवरच्या पत्त्याचं राज्य आणि डिस्टिल केलेलं राज्य वेगळं असेल तर तसं छापावं लागतं, तेवढा नियम आहे. कुठे छापायचं हे कंपनी बघते, म्हणून ते आजोबांच्या पायाशी सापडतं. आणि माल उत्तम असतो, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. साडूंना ते ऐकूच गेलं नाही. घराण्याची रेसिपी खोटी ठरली म्हणजे आपल्या पैशांचा अपमान झाला, असं त्यांना वाटलं.

"उद्या दाखवतो," मी म्हटलं. "चला."

सकाळी दोन गाड्या काढल्या. साडू मुलाला घेऊन पुढे गेले, मी पेट्रोल भरून मागून निघालो. पोचलो. विटांच्या जुन्या इमारती, हवेत आंबलेल्या धान्याचा वास. साडूंचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने फोन आला: "अहो, किती लांब आहे हे? इथे नुसती कुरणं आणि घोडेच घोडे दिसतायत."

त्यांनी फोनमध्ये लॉरेन्सबर्ग टाकलं होतं, राज्य न बघता. लॉरेन्सबर्ग केंटकीतही आहे, आमच्या घरापासून शंभरेक मैलांवर. ते लेक्सिंग्टनपर्यंत पोचले होते. मी म्हटलं, आता परत फिरू नका, तसेच पुढे जा, आम्हीच येतो. कारण त्या दुसऱ्या लॉरेन्सबर्गमध्ये वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस या दोन्ही डिस्टिलऱ्या आहेत. एवढ्याशा गावात दोन! त्यामुळे ज्या 'केकमध्ये घालायच्या' बाटलीवरून साडू मला टोमणे मारत होते, तिच्याच दारात ते स्वतःहून जाऊन उभे राहिले.

टूर घेतली. वाइल्ड टर्की केंटकी नदीच्या वरच्या अंगाला टेकाडावर आहे. जिमी रसेल १९५४ साली इथे कामाला लागले, मागून मुलगा एडीही आला. एखाद्या देवस्थानच्या पुजाऱ्यांबद्दल बोलावं तसे तिथले लोक या दोघांबद्दल बोलतात. गोदामात शिरलो. बहुमजली, अंधारं, लाकूड आणि व्हॅनिलाचा वास. साडूंनी लगेच त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला: स्कॉच अठरा, पंचवीस वर्षांची मिळते, मग तुम्ही सहा-आठ वर्षांत कसली घाई करता?

गाइड मुलगी तिशीची पण नसेल. तिने वर बोट दाखवलं. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवर भट्टी होते, बॅरलमधली व्हिस्की लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते. खालचे मजले गार, तिथे सगळं सावकाश. आणि बॅरल नवं असतं, आतून जाळलेलं. कायद्यानेच. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात निदान ५१ टक्के मका, अमेरिकेतच बनलेली, आणि नव्या, जाळलेल्या ओकमध्ये मुरलेली लागते. बॅरलमध्ये भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल चालत नाही, आणि रंग किंवा चव वरून घालता येत नाही. नवं लाकूड पहिल्या काही वर्षांतच व्हॅनिला, कॅरमेल, रंग, सगळं देऊन टाकतं. त्यानंतर देतं तो कडवटपणा. "काही बॅरल्स पंधरा-वीस वर्षं टिकतात," ती म्हणाली, "पण बहुतेकांत मग तुम्ही व्हिस्की नाही, टेबल पिता."

स्कॉटलंडची हवा गार, आणि तिथे बॅरल्स बहुतेक वापरलेली. त्यातली पुष्कळशी बर्बनचीच, कारण इथे नवं बॅरल सक्तीचं असल्यामुळे एकदा रिकामं झालेलं परत बर्बनसाठी चालत नाही, ते जहाजाने तिकडे जातं. म्हणजे साडू ज्या अठरा वर्षांच्या स्कॉचचे गोडवे गातात ती केंटकीच्या जुन्या बॅरलमध्ये आरामात पडून असते. तिथली अठरा वर्षं आणि इथली अठरा वर्षं एकाच कॅलेंडरने मोजू नयेत. हे मी त्यांना आधी तीनदा सांगितलं होतं. गाइडने सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, वर मला म्हणाले, "बघा, किती छान समजावून सांगितलं तिने."

आणि मग गिफ्ट शॉपमध्ये जाऊन त्यांनी काय घेतलं? ज्या बाटलीवर सर्वांत मोठा आकडा होता ती.

असो. तुम्हाला उपयोगी पडेल असं सांगतो. बाटली उलटी करा आणि मागचं वाचा. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर निदान दोन वर्षं. चारपेक्षा कमी असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे स्ट्रेट आहे आणि आकडा नाही, तर चार वर्षं नक्की झालीत, घाबरायचं कारण नाही. २०१६ साली एलायजा क्रेग या बर्बनच्या साध्या बाटलीवरचा बाराचा आकडा गेला तेव्हा साडूंनी सुतक पाळलं आणि ती घेणं सोडलं. मी अजून घेतो.

'बॉटल्ड-इन-बॉन्ड' दिसलं तर डोळे मिटून घ्या. हा १८९७चा कायदा. तेव्हा बाजारात कच्च्या दारूत तंबाखूचं पाणी वगैरे मिसळून जुनी व्हिस्की म्हणून खपवायचे. त्यावर उपाय म्हणून सरकारने अट घातली: एकच डिस्टिलरी, एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं, आणि बाटलीत बरोबर ५० टक्के अल्कोहोल. आजोबा-पणजोबांच्या फोटोपेक्षा या चार अटींवर माझा जास्त विश्वास आहे.

रायबद्दल: दोन तऱ्हा आहेत आणि दुकानात कुणी सांगत नाही. एक केंटकीची, ज्यात राय जेमतेम ५१ टक्के, बाकी बराचसा मका. रिटनहाउस तशी, पाइक्सव्हिल तिचीच थोरली बहीण, जास्त जहाल. बर्बनवरून येणाऱ्याला ही सोपी जाते. दुसरी इंडियानाची ९५ टक्केवाली: मिरी, पुदिना, शेपूसारखा हिरवा वास. काहींना पहिल्या घोटात आवडते, काही तोंड वाकडं करतात. तुम्ही रिटनहाउसपासून सुरुवात करा. तिखट अजिबात नको असेल तर राय सोडा आणि मेकर्स मार्क घ्या, त्यात रायच्या जागी गहू असतो. मला ती जरा मिळमिळीत वाटते, बायकोला तीच आवडते.

साडू राय म्हणजे बारवाल्या पोरांचं फॅड समजतात. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या डिस्टिलरीत ६० टक्के राय घालायचे आणि १७९९ साली तिथे अकरा हजार गॅलनच्या आसपास व्हिस्की निघाली. दारूबंदीच्या आधी पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड म्हणजे रायच. बर्बनला 'अमेरिकेचं खास उत्पादन' म्हणून अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) मान्यता दिली ती १९६४ साली. फॅड कुठलं ते तुम्हीच ठरवा.

दुर्मीळ बाटल्यांमागे धावू नका. ओहायोत स्पिरिट्सची किंमत सरकार ठरवतं, सगळीकडे एकच, म्हणून दुर्मीळ बाटल्यांची लॉटरी निघते. नाव घालायला काही जात नाही, मी घालतो. नदी ओलांडून केंटकीत गेलात तर किंमत दुकानदाराच्या मनावर, आणि शेल्फवर ब्लँटन्स दिसली तर आकडा बघून हसू येतं. जी बाटली उघडायला भीती वाटेल एवढी महाग आहे, ती घेऊ नका.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. माझ्या तिन्ही बाटल्या ५० टक्क्यांच्या आसपासच्या आहेत, पाइक्सव्हिल त्याहून वर. नेहमीच्या चाळीस टक्क्यांच्या अंदाजाने पेग भरलात तर महागात पडेल. पाणी घाला, कुणी हसलं तर हसू द्या. त्या दिवशी टेस्टिंगनंतर दोन्ही गाड्या बहिणींनीच चालवल्या. आणि तुम्ही मुळात पीतच नसाल, तर नव्या देशात आलात म्हणून सुरू करायचं काही कारण नाही.

दुसरी: जुनी म्हणजे वाईट, असंही मी म्हणत नाही. अपवाद असतात. नीट निवडलेल्या बॅरलमधली पंधरा वर्षांची राय मी एकदा चाखली आहे आणि कुणी परत दिली तर नको म्हणणार नाही. पण ती आकड्यामुळे चांगली नव्हती. ते बॅरल कुठल्या मजल्यावर होतं आणि ते केव्हा उतरवायचं हे कुणाला तरी कळलं होतं, म्हणून चांगली होती.

साडू ही साइट वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी: लॉरेन्सबर्गला घेतलेली ती बाटली अजून कपाटातच आहे, हे ताईने सांगितलंय. यंदा दिवाळीला येताना घेऊन या. सील मी काढतो. त्यात टेबलाची चव निघाली तर बदल्यात तुम्हाला टर्कीची एक नवी बाटली देतो, आणि कपाटात ती पुढच्या रांगेत ठेवायची.