शालीची कड आणि गोंड्याची मान
(वाचकांचे प्रश्न : विणकाम)

प्रश्न : काकू, मी आयुष्यात पहिल्यांदा क्रोशाने शाल विणतेय. नुसते साधे खांबाचे टाके घेतलेत. सुरुवातीला ८४ होते. काल सहज मोजले, तर २४व्या ओळीत ६१च भरले! मधे कुठे भोक नाही, टाका सुटलेला नाही, पण दोन्ही कडा आत आत येतायत. शेवटी चार कोपऱ्यांना गोंडे लावायचे होते, आता कोपरेच उरतील की नाही कोण जाणे. फोटो पाठवतेय.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तू आकडे दिलेस हे फार चांगलं केलंस, कारण दुखणं आकड्यांतच दिसतंय. ८४ मधून ६१ गेले की उरतात २३. पहिली ओळ सोडली तर तुझ्या ओळीही २३च होतात. म्हणजे दर ओळीला बरोबर एक खांब सांडतोय. हात सैल-घट्ट असता तर हिशोब इतका नेमका आला नसता. तुझा हात छान आहे, फोटोतही टाके एकसारखे दिसतात.

आता तो खांब जातो कुठे? ओळ संपवून काम उलटवताना आपण तीन साखळ्या घालतो, त्याच नव्या ओळीचा पहिला खांब असतात. पुढची ओळ विणत परत त्या टोकाला आलं, की शेवटचा खांब त्या तीनपैकी सगळ्यात वरच्या साखळीत घ्यायचा असतो. ती साखळी खांबासारखी दिसत नाही. शेजारच्या खांबाला चिकटून थोडी पाठमोरी, मुरडलेली बसते, आणि नव्या डोळ्यांना वाटतं, ओळ संपली. तू तिथेच काम उलटवतेस. एका ओळीत डावीकडचा जातो, पुढच्या ओळीत उजवीकडचा, म्हणून दोन्ही कडा सारख्याच आत सरकल्या.

उपाय अगदी साधा आहे. तीन साखळ्या घातल्या की तिसरीत लगेच वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा ओवून ठेव. सेफ्टी पिनही चालते, पण पिनेत लोकर अडकते, मला दोराच आवडतो. परत तिथे आलीस की दोरा काढ, त्याच जागी खांब घाल. दहा-बारा ओळींनंतर तुला दोरा लागणार नाही. तोवर प्रत्येक ओळ मोज. कंटाळा आला तरी मोज.

उसवायचं का? हो, उसव. २४ ओळी म्हणजे थोडंसंच काम, आणि शाल दीड मीटर तरी हवी. उसवताना लोकर ताणून गुंडाळू नकोस, सैल गुंडा कर. नव्याने सुरुवात करताना ८६ साखळ्या घाल आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घे, म्हणजे सोडलेल्या तीन धरून ८४ भरतील. पायाच्या साखळ्या तेवढ्या एक नंबर मोठ्या सुईवर घाल, तू पाचची वापरतेस तर साडेपाचची घे. पाया आवळला की शालीची ती बाजू कायमची आक्रसते, नंतर कितीही ओढली तरी सुटत नाही.

आणि गोंड्यांची लोकर आजच कापून वेगळी ठेव. ते का, हे खाली सोलापूरच्या पत्राच्या उत्तरात सांगितलंय.

प्रश्न : व्हिडिओत ‘डबल क्रोशे’ म्हणतात ते आणि माझ्याकडच्या जुन्या पुस्तकातलं ‘डबल क्रोशे’ वेगळंच निघतं. चूक कोणाची?
— गृहिणी, नागपूर

उत्तर : कोणाचीच नाही. तुमचं पुस्तक ब्रिटिश पद्धतीचं असणार आणि व्हिडिओ अमेरिकन. अमेरिकेत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटिश लोक त्यालाच ट्रेबल म्हणतात. ब्रिटिशांचं डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, सुईवर वेढा न घेता विणलेला, आणि तो अमेरिकेत सिंगल. नमुन्यात कुठेही ‘सिंगल’ हा शब्द आला तर तो अमेरिकन समजा.

प्रश्न : सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी स्वतः विणलेली शाल दिली. दोन्ही टोकांना मिळून आठ गोंडे लावले होते. पहिल्याच धुण्यात तिघांच्या माना सैल पडल्या आणि धागे गळून आले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. शिवाय नवीन गोंडे करायला त्याच रंगाची लोकर आणली, तर ती किंचित वेगळी दिसते.
— शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला साताऱ्यातलं एक दुकान आठवलं. लहानपणी आईची ठुशी नव्या गोंड्यात ओवून आणायला आम्ही पटवेकऱ्यांकडे जायचो. ते मांडी घालून बसायचे, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणायचे आणि गोंड्याच्या मानेवर रेशीम गुंडाळायचे, इतकं भराभर की गाठ कधी मारली ते दिसायचंच नाही. मोठी झाल्यावर एकदा धीर करून विचारलं, तेव्हा कळलं की गाठ नसतेच. त्या दिवसापासून मी लोकरीच्या गोंड्यालाही मानेवर गाठ मारलेली नाही.

साधी गाठ लोकरीवर टिकत नाही, कारण लोकर दबते. बांधताना गच्च वाटलं तरी ओली होऊन वाळली की आतले धागे बसतात आणि गाठ ढिली राहते. म्हणून पटवेकऱ्यांसारखे वेढे घ्यायचे.

१२ सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा घ्या. माझ्याकडे जुन्या जाड लग्नपत्रिका याच कामाला असतात. त्यावर लोकर २५ वेळा गुंडाळा, वरच्या बाजूने दुहेरी दोरा ओवून घट्ट बांधा, त्याची टोकं लांब ठेवा आणि खालची बाजू कापा. आता मान. सुमारे ६० सेंटिमीटरचा वेगळा दोरा घ्या. त्याच्या एका टोकाशी फासा करा आणि तो गोंड्यावर उभा धरा, फाशाचं तोंड वर, छोटं टोक खाली लोंबतं. लांब टोकाने मानेभोवती खालून वर चढत आठ-दहा वेढे घ्या, एकाला एक लागून, प्रत्येक वेढा ओढून. वर पोचलात की ते टोक फाशातून ओवा. मग खालचं छोटं टोक हळूहळू ओढा. फासा वेढ्यांखाली सरकतो आणि लांब टोकालाही आत ओढून नेतो. तो वेढ्यांच्या मध्यावर गेला असं बोटाला लागलं की थांबा. जास्त ओढलंत तर सगळं खालून बाहेर येईल. वरचं टोक वेढ्यांलगत कापा, खालचं गोंड्यातच मिसळून जातं. पहिला गोंडा बिघडेल. दुसऱ्यापासून हात बसतो.

डोक्यावरची लांब टोकं शालीच्या कडेतून तीनदा फिरवून मागच्या टाक्यांत लपवा. टोकं समान करायची घाई करू नका. आधी केटलीच्या वाफेवर धरा, धागे सरळ होऊ द्या, मग कात्री लावा.

रंगाचं म्हणाल, तर लोकरीच्या पट्टीवर लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या मालाचा क्रमांक, छापलेला असतो. रंगाचा नंबर तोच पण लॉट वेगळा असला की छटा हलते, आणि ट्यूबलाइटखाली ते कळतही नाही. म्हणून लोकर दिवसाउजेडी घ्यावी, एकदम सगळी घ्यावी, आणि विणायला बसण्याआधी गोंड्यांपुरती बाजूला काढावी. वरच्या मापाच्या एका गोंड्याला सहा मीटर लागते, बांधायची धरून सात. तुमच्या आठांना ५६ मीटर. आता मात्र तीनच नवे करू नका, आठही नव्या लोकरीचे करा. सगळे सारखे असले की ती छटा मुद्दाम निवडलेली वाटते. धुताना गोंड्यांवर मलमलची पुरचुंडी बांधा, शाल न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगलेली ओली शाल स्वतःच्या वजनाने लांबते.

प्रश्न : आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही. तरी शाल विणायची हौस आहे. काय विणू?
— रत्नागिरी

उत्तर : सुती धाग्याची त्रिकोणी शाल विणा, जाळीची. सूत लोकरीपेक्षा जड असतं, भरीव विणलं तर खांद्यावर ओझं होतं. चार साखळ्यांचं कडं करा. त्यात चार साखळ्या, तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, एक साखळी, एक खांब. उलटवा. पुढे दर ओळीत सुरुवातीला चार साखळ्या घालून टोकाच्या जागेत तीन खांब, मधल्या प्रत्येक फटीत तीन, मध्यावरच्या दोन साखळ्यांत तीन खांब-दोन साखळ्या-तीन खांब, आणि शेवटच्या जागेत तीन खांब, एक साखळी, एक खांब. तो शेवटचा खांब खालच्या ओळीच्या सुरुवातीच्या चारपैकी तिसऱ्या साखळीत. दर ओळीला दोन्ही अंगांना तीन-तीन खांबांचा एकेक झुबका वाढला पाहिजे. दहाव्या ओळीत एका अंगाला दहा झुबके मोजलेत की समजा, सगळं बरोबर चाललंय. ही शाल मानेमागून सुरू होऊन खाली वाढते, त्यामुळे धागा संपत आला की थांबता येतं.

गोंडे तीनच, तीन टोकांना. सुताचे लहान करा, आठ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर १५ वेढे पुरेत. पाठीवरच्या टोकाचा गोंडा किंचित जड ठेवा, १८-२० वेढ्यांचा, म्हणजे वाऱ्यावर शाल उडून पुढे येत नाही.